खाडा आणि लेकराचा पाय

ऊसतोडीचा हंगाम आला की बीड जिल्ह्यातील गावेच्या गावे ओस पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर, आणि एक दिवस फडात गेले नाही की खाड्याचा दंड. २०१९ साली गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायांची बातमी देशभर गाजली, तेव्हा या खाड्याची चर्चा झाली. पण याच खाड्यापायी कोपीवरच्या लेकराचा पाय जाऊ शकतो, हे कोणी बोलत नाही.

लहान मुलांच्या हाडात आणि सांध्यात रक्तावाटे जंतू शिरतात. बहुधा स्टॅफिलोकोकस असतो. सहा महिने ते चार वर्षे या वयात किंगेला नावाचा जंतूही आढळतो. त्यात ताप बेताचाच असतो आणि नेहमीच्या तपासणीत तो सहसा हाती लागत नाही. मूल पाय टाकत नाही, उचलून घेतले की किंचाळते. लचकले असेल म्हणून तेल लावून चोळले जाते. सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रेमध्येही हाडाचा बिघाड दिसत नाही, म्हणजे डॉक्टरही फसू शकतो. खुब्याच्या सांध्यात पू झाला तर काही दिवसांत कूर्चा नष्ट होते. पू तातडीने काढून शिरेतून अँटिबायोटिक सुरू केले तर बहुतेक मुले पुन्हा धावू लागतात. उशीर झाला तर पाय आखूड, सांधा आखडलेला, जन्मभर.

पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार वेळेवर न देणे म्हणजे कलम २१ चा भंग आहे. पैसा नाही ही सबब चालणार नाही. अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण ऐन हंगामात आमचे लेकरू असते पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर. तिथे त्याचा वाली कोण? शासनाची दया तर ४० टक्के अपंगत्वाच्या दाखल्यापासून सुरू होते!

आमची मागणी साधी आहे. मूल आजारी असेल त्या दिवसाचा खाडा लावणे बेकायदा ठरवा. तळावर कारखान्याची गाडी ठेवा. आणि कार्यकर्त्यांनी कोप्यांवर जाऊन आयांना एवढे सांगावे: लेकराने पाय टाकणे सोडले, अंगात ताप असो वा नसो, चोळू नका, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे न्या, सोनोग्राफी करायला सांगा.