तापाच्या दिवसाची मजुरी कोणी द्यावयाची?

महामारीत धंदा कसा चालवावा, याविषयी २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत दुकाने, कारखाने व कार्यालये यांच्यासाठी पुष्कळ सूचना निघाल्या. फांद्या छाटणाऱ्या, धोकादायक झाडे उतरविणाऱ्या आणि पडलेली झाडे हटविणाऱ्या टोळ्यांचा विचार मात्र क्वचितच झाला. वास्तविक हे काम घरी बसून करता येत नाही आणि पुढेही ढकलता येत नाही.

याचा अनुभव रायगडच्या किनाऱ्याने घेतला. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग, म्हसळा या भागांत नारळ-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. रस्ते बंद, विजेचे खांब जमिनीवर आणि पाऊस तोंडावर. त्यातच टाळेबंदी असल्यामुळे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यास पास लागत होता व परप्रांतीय मजूर मोठ्या संख्येने गावी निघून गेले होते. बागायतदाराला थांबणे परवडणारे नव्हते, कारण गेंड्या भुंगा कुजक्या खोडात अंडी घालतो आणि पुढे उभ्या माडाचा कोंब पोखरतो. म्हणजे पडलेले झाड न हटविल्यास वाचलेलेही झाड धोक्यात. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले तेव्हा महामारीची दुसरी लाट चालू होती आणि शहरात शेकडो झाडे पडली होती. तीही कोणीतरी हटविलीच.

हे काम करणाऱ्याला रोगाचा धोका नेमका कोठे होता? सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांचे लक्ष हात लागणाऱ्या वस्तूंवर होते. पुढे स्पष्ट झाले की हा रोग मुख्यतः हवेतून, आणि त्यातही बंदिस्त जागेत पसरतो. या दृष्टीने पाहिले तर झाडावर चढलेला माणूस बराच सुरक्षित होता. वर मोकळी हवा, खालचे साथीदार फांदी अंगावर येऊ नये म्हणून तसेही लांब उभे. धोका होता तो टेम्पोच्या बंद केबिनमध्ये, एकत्र जेवणात, एकाच बिडीत आणि रात्री सहा-सात जण दाटीने झोपतात त्या खोलीत. म्हणून ठेकेदाराने पहिला खर्च करावयाचा तो दुसऱ्या फेरीच्या डिझेलवर आणि दुसऱ्या खोलीवर. ठरलेली माणसे ठरलेल्याच टोळीत ठेवावीत. आज या टोळीत, उद्या त्या टोळीत असे करू नये.

या धंद्याच्या काही खास गोष्टीही आहेत. हेल्मेट व कमरेचा पट्टा ज्याचा त्याला असावा. दोरखंड आणि पट्टे साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत. ब्लीचिंगच्या पाण्यात बुडविल्यास नायलॉनचा धागा कमजोर होतो आणि रोगापासून वाचलेला माणूस दोर तुटून पडतो. हाताला सॅनिटायझर लावल्यावर तो पूर्ण सुकेपर्यंत पेट्रोलच्या यंत्रकरवतीला हात लावू नये, कारण दोन्ही वस्तू पेट घेणाऱ्या आहेत. घामाने भिजलेल्या मास्कमधून उंचावर श्वास घेणे कठीण जाते. तेथे मास्कचा हट्ट नको. तो हट्ट टेम्पोत आणि खोलीत धरावा.

परंतु हे सर्व करूनही एक भोक उरते आणि सारे पाणी त्यातूनच वाहून जाते. ते भोक म्हणजे खाडा. रोजंदारीवरचा माणूस आजारी पडला की त्याची हजेरी लागत नाही. अनेकांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते व घरी पैसे पाठवावयाचे असतात. असा माणूस ताप आला तर काय करील? गोळी खाईल, गप्प बसेल आणि सकाळी टेम्पोत चढेल. दिवसाकाठी दोनदा ताप मोजण्याचे यंत्र कपाळावर धरले तरी गोळीने उतरलेला ताप त्यात दिसत नाही. शिवाय चक्कर येत असलेला माणूस चाळीस-पन्नास फुटांच्या माडावर चढतो, तेव्हा प्रश्न केवळ साथीचा राहत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, टोळीच्या सुरक्षिततेचे खरे साधन मास्क नव्हे, तर आजारपणाच्या दिवसाची मजुरी हे आहे. ती मिळेल अशी खात्री असली तरच माणूस ताप सांगतो.

ठेकेदार म्हणतील, एवढी मिळकत कोठे आहे? आपण हिशेबच मांडू. समजा, टोळीत पाच माणसे आहेत आणि मजुरी रोजी ८०० रुपये आहे. एकाला सात दिवस घरी बसवून पूर्ण मजुरी दिली तर ५,६०० रुपये होतात. त्याने ताप लपविला, चार जण पडले आणि काम सात दिवस बंद राहिले, तर सर्व खर्च जाऊन रोज २,००० रुपये मिळविणाऱ्या ठेकेदाराचे १४,००० रुपये जातात व गिऱ्हाईक दुसरीकडे वळते ते वेगळेच. वर्षात तीन जण सात-सात दिवस आजारी पडले असे धरले तरी खर्च १६,८०० रुपये. वर्षाचे कामाचे दिवस २०० धरल्यास रोजचे फक्त ८४ रुपये पडतात. एवढे पैसे दरपत्रकात स्वतंत्र ओळ करून सरळ मागावेत. त्यात लपविण्यासारखे काही नाही.

येथे गिऱ्हाइकाचीही जबाबदारी येते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी परवानगी घेऊन फांद्या छाटून घेणाऱ्या गृहनिर्माण सोसायट्या, शाळा, ट्रस्ट आणि बागायतदार बहुधा सर्वांत कमी दराचे पत्र उचलतात. तो दर कमी कशामुळे झाला, हे कोणी विचारीत नाही. अनेकदा तो माणसाच्या खाड्यातून कमी झालेला असतो.

कामावर अपघात झाल्यास मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्याने मान्य केले. माडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा ही अपघात विमा योजना आहे, तिचा लाभ जरूर घ्यावा. पण हे झाले पडल्यानंतरचे. आजारपणाचा भत्ता देणारी कामगार विमा योजना चार-पाच जणांच्या टोळीपर्यंत सहसा पोहोचत नाही. तेव्हा ही जागा ठेकेदार व गिऱ्हाईक यांनीच भरावयाची आहे.

पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही. वादळे मात्र येणारच, झाडेही पडणारच. त्या दिवशी नवा नियम बसविण्यास सवड मिळणार नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी जे दरपत्रक लिहाल, त्यातच ती ८४ रुपयांची ओळ घाला.