शून्य नंबराची कांच

उन्हाळ्याच्या दिवसांत चष्म्याच्या दुकानावरून जातां-येतां एक दृश्य नेहमीं पाहावयास मिळतें. कोणी तरी गॉगल नाकावर चढवितो, आरशांत मान डावी-उजवीकडे वळवून पाहतो, कांच पुरेशी गडद आहे अशी खात्री करून घेतो आणि पैसे देऊन चालूं लागतो. तोच मनुष्य बाजारांत कलिंगड घेतांना तें ठोकून, हुंगून, प्रसंगीं कापवूनहि पाहतो. ज्या वस्तूंतून पुढें वर्ष-दोन वर्षें तो सगळें जग पाहणार, तिची मात्र एवढीहि परीक्षा तो करीत नाहीं. त्याला हंसण्याचा अधिकार मला नाहीं. कारण गेल्या उन्हाळ्यांत मीं स्वतः हेंच केलें, आणि त्याचें प्रायश्चित्त तीन आठवडे डोकेदुखीच्या रूपानें भोगलें.

माझ्या जुन्या गॉगलची चौकट उत्तम होती. कांचांवर मात्र चरे पडले होते. मूळ कंपनीच्या कांचा मागवाव्या तर जवळजवळ नव्या गॉगलचीच किंमत पडत होती. म्हणून एका दुकानांत दुसऱ्या कारखान्याच्या, त्याच मापाच्या बदली कांचा बसवून घेतल्या. त्या जुन्यांहून अधिक गडद व चकचकीत होत्या. मी संतुष्ट झालों. दुसऱ्याच दिवशीं स्कूटरवरून शाळेस जातांना गतिरोधकावरचे पांढरे पट्टे क्षणभर दुहेरी, एकावर एक चढल्यासारखे दिसले आणि मीं घाबरून अवेळीं ब्रेक दाबला. मागून येणारा दूधवाला सावध होता म्हणून बचावलों. सायंकाळपर्यंत उजव्या भुवईवर कळ येऊं लागली. दुकानदाराकडे गेलों तेव्हां तो म्हणाला, "सर, नवी कांच आहे, चार दिवसांत डोळ्यांना संवय होईल." मीं पुन्हां पुन्हां जाऊन कांचा तपासण्याचा आग्रह धरला, तेव्हां तो हंसला. "अहो सर, याला नंबरच नाहीं, मग तपासायचें काय?"

वाचकहो, त्या सद्गृहस्थाच्या या एका प्रश्नांत आपणां सर्वांचा गैरसमज सांठलेला आहे. माझें मत असें कीं, शून्य हाहि एक नंबरच आहे. किंबहुना तो सर्वांत अधिक काळजीनें तपासावयास हवा. नंबराच्या चष्म्याची गोष्ट निराळी. डॉक्टर नंबर लिहून देतो, दुकानदार तयार कांच लेन्समीटर नांवाच्या यंत्राखालीं धरून ताडून पाहतो, आणि इतकें करूनहि चूक राहिली तर अक्षरें धूसर दिसतांच गिऱ्हाईक तक्रार घेऊन हजर होतें. बिननंबरी कांचेवर यांपैकीं एकहि पहारेकरी नाहीं. तिचें शून्य कोणी लिहिलेलें नसतें, कोणी ताडलेलें नसतें. आणि ती वापरणारा मनुष्य डोकें दुखलें म्हणजे उन्हाला, जागरणाला, नाहीं तर वयाला दोष देतो, कांचेला देत नाहीं. वास्तविक २०१३ सालीं निघालेल्या आय.एस.ओ. १२३१२-१ या आंतरराष्ट्रीय नियमावलीनें या शून्यालाहि मर्यादा घालून दिल्या. बिननंबरी कांचेंत चुकून शिरणारा नंबर ०.१२ डायॉप्टरहून, म्हणजे चष्म्याच्या नंबराच्या अर्ध्या पायरीहून, अधिक नसावा असें तिचें सांगणें आहे.

आतां हें शून्य साधावयास काय लागतें तें पाहूं. गॉगलची कांच बहुधा सपाट नसते. ती बाहेरून फुगीर व आंतून खोलगट असते. या दोन वांकांचा मेळ असा बसवावा लागतो कीं, एकानें वळविलेला किरण दुसऱ्यानें पूर्ववत् करावा. मेळ चुकला कीं नंबर उत्पन्न झाला. कांच एका कडेस जाड व दुसऱ्या कडेस पातळ निघाली तर ती प्रयोगशाळेंतील लोलकाप्रमाणें वागूं लागते आणि समोरची वस्तु जाग्यावरून सरकलेली दाखविते. एक मीटर अंतरावरची वस्तु एक सेंटिमीटर सरकली तर तें एक प्रिझम-डायॉप्टर. दोन्ही डोळ्यांपुढें सारखेंच आणि एकाच दिशेस सरकणें झालें तर तें पुष्कळसें खपून जातें. परंतु एका डोळ्यांतलें चित्र वर चढलें आणि दुसऱ्यांतलें जागच्या जागीं राहिलें, तर तीं दोन चित्रें एक करण्यास डोळ्यांच्या स्नायूंना दिवसभर झगडावें लागतें. कारण जवळचें पाहण्यासाठीं दोन्ही डोळे आंत वळविण्याची आपणांस संवय आहे, एक वर व एक खालीं फिरविण्याची नाहीं. म्हणूनच उभ्या दिशेच्या या तफावतीला नियमावलीनें अवघी पाव प्रिझम-डायॉप्टरची सवलत दिली.

खेळाडू वापरतात तशा, कानशिलापर्यंत वळलेल्या गॉगलमध्यें तर ही अडचण वाढते. तेथें कांच डोळ्यापुढें तिरपी बसते, आणि तिरपी बसविल्यानें एरवीं निर्दोष असलेली वांकडी कांचहि दृष्टि सरकविते. चांगला कारखानदार यावर उपाय म्हणून कांचेचा प्रकाशीय मध्य मुद्दाम बाजूस नेतो व कांच कडांकडे हलके हलके पातळ करीत जातो. बदली कांच करणारा बाहेरचा आकार सहज उतरवून घेतो. ती चौकटींत चपखल बसतेहि. आंतील जाडीचा हा हिशेब मात्र त्यानें उतरविला कीं नाहीं, तें बसण्यावरून कळत नाहीं. "कांच अगदीं बरोबर बसली" हें प्रशस्तिपत्र तिच्या आकारापुरतें खरें. दृष्टीविषयीं तें कांहींच सांगत नाहीं.

मग यंत्र हाताशीं नसलेल्या मनुष्यानें काय करावें? मीं केलें तें सांगतों. खिडकीच्या गजांसमोर उभा राहून, एक डोळा मिटून, गॉगल हातभर अंतरावर धरला व हळूहळू डावी-उजवीकडे, मग वर-खालीं हालविला. डाव्या कांचेंतून गज सरळ राहिले. उजवींत ऐन मधोमध एक गज पाण्यांतल्या काठीसारखा लचकला. ज्यांच्या खिडकीस गज नसतील त्यांनीं फरशीच्या सांध्यांवर हीच परीक्षा करावी. नंतर फळ्यावर एक आडवी रेघ ओढली, तीन मीटर मागें सरलों, आणि गॉगल चेहऱ्यापासून वीतभर पुढें असा धरला कीं रेघ कांचेच्या मधून जावी आणि तिचीं दोन्ही टोकें कांचेच्या बाहेर दिसावीं. डावीकडे रेघ अखंड होती. उजवीकडे ती तुटली. कांचेंतला तुकडा बाहेरच्या रेघेहून जवळजवळ तीन सेंटिमीटर वर चढला होता. तीन मीटरांवर तीन सेंटिमीटर म्हणजे एक प्रिझम-डायॉप्टर, त्या पाव मर्यादेच्या चौपट! दुहेरी पट्ट्यांचें कोडें तेथल्या तेथें सुटलें. पुढें दुसऱ्या एका दुकानांतील बाईंनीं लेन्समीटरवर तीच कांच धरून पाहिली, तेव्हां यंत्रानेंहि माझ्या फळ्याचीच साक्ष काढली.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे, नाहीं तर या परीक्षेनें चांगल्या कांचेवरहि अन्याय होईल. वळलेल्या गॉगलची कांच हातभर अंतरावर धरली असतां तिच्या अगदीं कडेला रेघा थोड्या वांकतातच. निकाल मधल्या भागावरून द्यावा, आणि डावी व उजवी यांची तुलना करून द्यावा. जोडीपैकीं एकच कांच वेगळें बोलूं लागली म्हणजे संशय घ्यावा. कांचेच्या पृष्ठभागावर ट्यूबलाइटचें प्रतिबिंब पाडून ती सावकाश तिरपी करीत गेल्यानेंहि पुष्कळ कळतें. प्रतिबिंब तेलासारखें घसरत गेलें तर ठीक. त्यांत लाटा उठल्या तर पृष्ठभाग समतोल नाहीं. या लाटा कडेपाशींच असतील तर बहुधा कांच तसूभर मोठी कापून चौकटींत कोंबलेली असते. तसें असल्यास दोष कारखान्याचा नव्हे, बसविणाराचा.

गडदपणाविषयीं आपल्याकडे भलताच भ्रम आहे. कांच दृश्य प्रकाशाचा किती अंश आंत सोडते यावरून ० ते ४ असे तिचे वर्ग पाडलेले आहेत. भर उन्हांतल्या नित्य वापरासाठीं ३ रा वर्ग, म्हणजे ८ ते १८ टक्के प्रकाश सोडणारी कांच, पुरेशी होते. ४ थ्या वर्गाची कांच अवघा ३ ते ८ टक्के प्रकाश सोडते. ती हिमाच्छादित पर्वतावर शोभेल, पण ती लावून वाहन चालविणें वर्ज्य आहे. मुंबई-पुणें द्रुतगती मार्गावर भातणच्या बोगद्यांत भर दुपारीं शिरतांना अशी कांच डोळ्यांवर असली तर पहिले कांहीं क्षण मनुष्य आंधळाच होतो. आणि गडद कांच अतिनील किरण अडवितेच असेंहि नाहीं. तो गुण रंगाचा नसून कांचेच्या द्रव्याचा वा तिच्यावरील लेपाचा आहे. पॉलिकार्बोनेटची पांढरी, स्वच्छ कांचसुद्धां बहुतेक अतिनील किरण गिळून टाकते. उलट संरक्षण नसलेली गडद कांच धोक्याची. कारण तिच्या अंधारांत डोळ्याची बाहुली मोठी होते व किरणांना दार अधिकच उघडें सांपडतें.

ही परीक्षा व्यापाऱ्यापाशीं नोट पाहण्यासाठीं जांभळी विजेरी असते तिनें करतां येते. आपल्या नोटांवरील क्रमांक व कागदांतले तंतु अतिनील प्रकाशांत चमकतात. विजेरी आणि नोट यांच्या मध्यें कांच धरावी, आणि नोटेकडे कांचेंतून न पाहतां बाजूनें पाहावें. अनेक जण येथेंच चुकतात. चमक तशीच राहिली तर कांच नापास. चमक गेली तर ती त्या विजेरीच्या किरणांपुरती उत्तीर्ण झाली, एवढेंच म्हणावें. ४०० नॅनोमीटरपर्यंतची खात्री दुकानांतल्या मापकावरच करून घ्यावी. विजेरी डोळ्यांत मारूं नये, हें विद्यार्थ्यांस वेगळें सांगावयास नकोच, तरी सांगतों.

'पोलराइज्ड' या शब्दाची मोहिनी हल्लीं फार आहे. एड्विन लँड या अमेरिकन संशोधकानें १९२९ सालीं ध्रुवीकरण करणाऱ्या कृत्रिम पापुद्र्याच्या पेटंटासाठीं अर्ज केला, त्यांतून ही सोय निघाली. रस्त्यावरून वा पाण्यावरून परावर्तित होणारी आडवी तिरीप अशी कांच अडविते. विक्रेता खरें बोलतो कीं नाहीं तें गणकयंत्राच्या आंकड्यांसमोर कांच फिरवून क्षणांत समजतें. एका स्थितींत आंकडे नाहींसे झाले पाहिजेत. दोन्ही कांचांतून ते एकाच स्थितींत नाहींसे होत नसतील तर एक कांच तिरकी कापलेली आहे, आणि दोन डोळ्यांना रस्त्याची चमक निराळी दिसणार. मात्र हा गुण स्वतंत्र आहे. ध्रुवीकरण उत्तम आणि गज वांकडे, अशीहि कांच मिळते.

इतकें वाचून कोणी म्हणेल, मग मूळ कंपनीचीच कांच घ्यावी, वाद मिटला. मला हें मान्य नाहीं. दोन चऱ्यांसाठीं धडधाकट चौकट टाकून देणें ही उधळपट्टी आहे, आणि नांव ही कांहीं परीक्षा नव्हे. बदली कांच व मूळ कांच या दोहोंचें द्रव्य पुष्कळदां एकच असतें. पॉलिकार्बोनेट आघात सोसण्यांत श्रेष्ठ. पण रंग न फांकूं देण्याचा त्याचा गुणांक सुमारें ३०, तर सी.आर.-३९ या जुन्या प्लॅस्टिकचा सुमारें ५८. म्हणून पॉलिकार्बोनेटच्या कडेला दिव्याभोंवतीं किंचित् रंगीत किनार दिसली तर ती लबाडी नव्हे, त्या द्रव्याचा स्वभाव आहे. स्कूटर चालविणारानें ती किनार पत्करून मजबुती घ्यावी असें मी म्हणेन. मुद्दा नांवाचा नाहीं, मोजण्याचा आहे. लेन्समीटर बहुतेक दुकानांत असतोच. बिननंबरी कांच त्याखालीं धरावयास एक मिनिट लागतें. तें मिनिट गिऱ्हाइकानें मागावें आणि दुकानदारानें तें न मागतां द्यावें. निघालेला नंबर, प्रिझम आणि प्रकाशाचा वर्ग हे तीन आंकडे बिलावर लिहून द्यावे.

माझी हकीकत सांगून टाकतों. फळ्यावरची रेघ मोबाइलवर टिपून पहिल्या दुकानदारास दाखविली. तो पुष्कळ वेळ पाहत राहिला, कांहीं बोलला नाहीं, आणि कांच बदलून दिली. या खेपेस मीं दुकानांतच पायऱ्यांवर उभें राहून समोरच्या इमारतीचे गज पाहून घेतले. ते सरळ होते. डोकें दुखण्याचें थांबलें. बिल मात्र त्यानें पूर्वीसारखेंच लिहिलें: रंग काळा, नग दोन, आणि नंबराच्या रकान्यांत एक आडवी रेघ.