व्यायामशास्त्राला महाविद्यालयात जागा हवी

बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत २०२२ साली सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक २४९ किलो उचलणाऱ्या मलेशियाच्या स्पर्धकाकडे गेले. अंतर अवघ्या एका किलोचे. आणि निर्णायक टप्प्यावर संकेतचे कोपर दुखावले होते. पदकाचे कौतुक आपण सर्वांनी मनापासून केले. त्या कोपराचा विचार मात्र सत्काराच्या हारांबरोबरच सुकून गेला. खेळाडूचे शरीर कशाने घडते, कशाने मोडते आणि मोडल्यावर पुन्हा कसे उभे करावे, हा पदवीच्या अभ्यासाचा विषय आहे, असे आपल्या बहुसंख्य महाविद्यालयांना अद्याप वाटलेले नाही.

सातारा आणि सांगली हे जिल्हे खेळाडूंच्या बाबतीत कधीच दरिद्री नव्हते. कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली हिंदकेसरी झाले. माणसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीतील जगज्जेती ठरली. आणि या सर्वांच्या आधी कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव.

खाशाबांची कथा आपण नेहमी जिद्दीची कथा म्हणून सांगतो. वस्तुतः ती ज्ञानाचीही कथा आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लाल मातीत वाढलेला हा मल्ल परक्या मॅटवर उतरला आणि सहावा आला. तेथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना मॅटवरील कुस्तीचे तंत्र शिकविले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेथेही एका दीर्घ लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना पुढच्या लढतीसाठी बोलावण्यात आले आणि नियमावर बोट ठेवून तक्रार करणारा भारतीय अधिकारी जवळपास नव्हता, असे सांगितले जाते. ताकद गावाने दिली होती. उणीव होती ती जाणकार सोबतीची. हेलसिंकीच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हा त्याग वंदनीय खराच. पण एखादी शिक्षणव्यवस्था प्राचार्यांच्या घरांवर किती काळ चालवायची?

आजची व्यवस्था काय आहे? शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड. ही पदवी अध्यापक शिक्षणाच्या चौकटीत बसविलेली आहे. २०१४ च्या नियमांनी ती दोन वर्षांची झाली. तीन वर्षांच्या पहिल्या पदवीनंतर आणखी दोन वर्षे खर्चून विद्यार्थी बाहेर पडतो तो शाळेत शिक्षक होण्यासाठी. आणि शाळेत त्याच्यासाठी जागा किती? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तेथे आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक सांगितला, तोही अर्धवेळ! अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर पुरवठा एका बाजारासाठी होत आहे आणि मागणी दुसऱ्याच बाजारात उभी आहे.

ती मागणी पाहण्यासाठी पहाटे गावाबाहेरच्या कोणत्याही डांबरी रस्त्यावर जावे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली तेथे धावत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. नडगी दुखू लागली की कोणी तेल चोळायला सांगतो, कोणी पट्टी बांधायला, कोणी ‘धावत राहा, आपोआप थांबेल’ म्हणतो. सराव एकदम वाढविल्याने हाडावर ताण येतो आणि दुखणे अंगावर काढले तर हाडाला सूक्ष्म भेग पडू शकते, हे सांगणारा माणूस तेथे नसतो. भरतीची संधी हुकते, वय निघून जाते. अकादमीचे शुल्क, दूध-बदामाचा खुराक, शहरातील खोलीचे भाडे हा सारा खर्च कुटुंबाने केलेला असतो. मानवी भांडवलात केलेली ही गुंतवणूक एका नडगीपायी बुडते, आणि तिची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

कुस्तीत तर प्रश्न जिवावर बेतणारा आहे. वजनगट आले तेथे वजन उतरविणे आलेच. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस, महिन्याभराच्या अवधीत, महाविद्यालयीन तीन मल्ल घाम गाळून वजन घटविण्याच्या प्रयत्नात मरण पावले. तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने त्यानंतर नियम बदलले. मल्लाच्या शरीरातील पाण्याचे प्रमाण तपासून त्याचे किमान सुरक्षित वजन हंगामापूर्वीच ठरवू लागले. हे नियम अमलात येऊ शकले, कारण ते राबविणारा प्रशिक्षित वर्ग तेथे होता. खेळाडूंची दुखापत टाळणे, मैदानावर प्रथमोपचार करणे व त्यांना पुन्हा खेळण्याजोगे करणे हा तेथे स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये स्थापन झाली आणि १९९० मध्ये वैद्यक संघटनेने त्याला आरोग्यसेवेचा व्यवसाय म्हणून मान्यता दिली. उष्माघाताने कोसळलेल्या धावपटूला आधी थंड पाण्यात ठेवावे, मग रुग्णालयात हलवावे, हे या व्यवसायाचे साधे सूत्र आहे. आपल्याकडे आधी गाडी शोधतात.

अशा अभ्यासक्रमासाठी दूर जाण्याची गरज नाही. पुण्यात बालेवाडीला क्रीडा विद्यापीठ उभारण्याचा कायदा २०२० मध्ये झाला, ते योग्यच. पण प्रत्येक गुणी मुलाने पुण्याचा रस्ता का धरावा? मिरजेची वैद्यकीय परंपरा शतकाहून जुनी आहे आणि तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून चालू आहे. कऱ्हाडला वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये निघाले, गोळेश्वरच्या अगदी उशाशी. शरीरशास्त्र शिकविणारे एका गावात आणि शरीर कमावणारे शेजारच्या गावात, अशी ही विचित्र स्थिती आहे. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातील दोन-तीन महाविद्यालयांनी शरीरक्रिया, आहार, भारनियोजन व दुखापत-व्यवस्थापन हे विषय घेऊन तीन वर्षांची पदवी सुरू करावी. तालमी आणि अकादम्या हीच तिची कार्यशाळा मानावी. नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला दोन-चार श्रेयांक मिळाले, तेवढ्याने हे काम होणारे नाही. मैदानाला चार फेऱ्या मारून श्रेयांक मिळेल, शास्त्र मिळणार नाही.

शास्त्र आले म्हणजे वस्तादांना निरोप, अशी धास्ती काहींना वाटते. ती अनाठायी आहे. कोवळ्या पोराकडून किती जोर काढून घ्यावेत आणि कोणत्या दिवशी त्याला हौद्यातून बाहेर ठेवावे, हे अनुभवी वस्तादाला जितके कळते तितके पुस्तकातून कळणे कठीण. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, व्यवसायात पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या नामवंत व्यक्तीला औपचारिक पदवीची अट न घालता अध्यापनासाठी नेमता येते. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशी पदे ठेवण्यास मुभा आहे. सांगली-साताऱ्याच्या महाविद्यालयांनी त्यांतील एक पद तालमीतील वस्तादासाठी राखून ठेवावे.