भुयार आणि भाडेकरू

कफ परेड ते आरे हा ३३.५ किलोमीटरचा मेट्रो मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण सुरू झाला. दाट वस्तीखालून भुयार गेले आणि वर दुकाने, कचेऱ्या, वाहतूक चालू राहिली. हे अभियंत्यांचे व त्याहूनही अधिक कंत्राटी मजुरांचे यश आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. यंत्राचे चाक खडक पोखरते, मागोमाग काँक्रीटचे कडे बसते, कडे व खडक यांतील पोकळी सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरली जाते. वरच्या भिंतींवर उपकरणे लावून जमीन किती मिलिमीटर खचली हे मोजले जाते.

परंतु ‘वरच्यांना धक्का न लावता’ हा दावा भुयारापुरता खरा आहे, स्थानकापुरता नाही. स्थानकाला जिने लागतात, हवा लागते, उतरण्याची विवरे लागतात, आणि ही जागा जमिनीवरच घ्यावी लागते. गिरगाव व काळबादेवीचे रस्ते इतके अरुंद की फलाटांची पोकळी बाजूच्या विवरातून आत शिरून खोदावी लागली. त्या विवरांसाठी जुन्या इमारती पाडण्यात आल्या. भाडेकरू २०१५ मध्येच रस्त्यावर उतरले होते. त्याच परिसरात नव्या इमारती देऊ, हे आश्वासन त्या लढ्यानेच पदरात पाडून घेतले. ते कोणाचे औदार्य नव्हे.

२०१७ मध्ये फोर्टमधील जे. एन. पेटिट ग्रंथालयाच्या छपरावरील दगडी भाग कोसळला, तेव्हा विश्वस्तांनी उच्च न्यायालयातून काम काही काळ थांबवून घेतले. योग्यच केले. पण चाळीतल्या खोलीला विश्वस्त कोठले?

आता ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह हा मोटारींचा बोगदा जुन्या मुंबईच्या पोटातून, मेट्रोच्याही खालून, खोदला जात आहे. येथे स्थानक नाही, म्हणून मधल्या इमारती पाडण्याचा प्रश्न नाही. प्रश्न भेगांचा आहे. मोडकळीस आलेल्या इमारतीत भेग पडली की ‘ती आधीचीच’ असे उत्तर ठरलेले असते. म्हणून यंत्र पोहोचण्यापूर्वी प्रत्येक इमारतीची पाहणी भाडेकरूंच्या समक्ष व्हावी, तिची छायाचित्रांसह प्रत मालकाइतकीच भाडेकरूच्या हाती पडावी, आणि घर सोडावे लागल्यास परतीची तारीख लेखी मिळावी. आमच्या शाखांनी ही मागणी घेऊन आताच चाळीचाळीत जावे.