म्हातारा कुणाकडे, म्हातारी कुणाकडे?

घरात वाटणी निघाली की जमीन वाटली जाते, गुरे वाटली जातात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात. सगळ्यांत शेवटी प्रश्न येतो आईबापांचा. बाप थोरल्याकडे, आई धाकट्याकडे असे ठरते. पंच माना डोलावतात. चाळीस वर्षे एका चुलीवरचे जेवलेली दोन माणसे त्या दिवशी वेगळी होतात. त्यांना मात्र कुणी विचारलेले नसते.

हे दुःख सिनेमावाल्यांनी फार पूर्वी ओळखले. राजा परांजपे यांचा 'ऊन पाऊस' १९५४ साली आला. आयुष्यभर शाळेत शिकवलेले मास्तर आणि त्यांची पत्नी उतारवयात मुलांमध्ये वाटले जातात, अशी ती गोष्ट. अमेरिकेत १९३७ साली 'मेक वे फॉर टुमॉरो' हा चित्रपट निघाला. त्यातही घर गेलेले नवरा-बायको दोन मुलांच्या घरी वेगवेगळे राहतात. आणि २००३ सालचा 'बागबान' तर गावोगावी पाहिला गेला. देश कोणताही असो, दुखणे एकच!

'बागबान'मध्ये बापाचे पुस्तक गाजते, पैसा येतो आणि मुलांची फजिती होते. पाहणारा टाळ्या वाजवून घरी जातो. पण आपल्या म्हाताऱ्याचे पुस्तक कुठले गाजायला? त्याच्याजवळ असतो सातबारा, आणि तोही त्याने मायेपोटी मुलांच्या नावे करून टाकलेला असतो. 'नटसम्राट'मधले अप्पा बेलवलकर हेच करतात. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० चे. त्यावरचा चित्रपट २०१६ साली आला. अप्पा सगळे देऊन मोकळे होतात. पुढे मुलाचे घर सुटते आणि मुलीच्या घरी तर चोरीचा आळ येतो. तेव्हा सगळा दोष सुनेच्या माथी मारणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पोटची लेकही चुकते.

उलट सून कशी असू शकते, ते जपानच्या ओझू यांनी १९५३ च्या 'टोकियो स्टोरी'त दाखवले. गावाकडचे आईबाप मुलांना भेटायला टोकियोला जातात. मुलगा डॉक्टर, मुलगी केशभूषेचे दुकान चालवणारी. कुणी दुष्ट नाही, पण सवड कुणालाच नाही. युद्धात नवरा गमावलेली सून मात्र कामावरून रजा काढून दोघांना शहर दाखवते. घरी परतल्यावर म्हातारी जाते. तेव्हा सासरा आपल्या बायकोचे घड्याळ सुनेला देतो आणि तिला पुन्हा लग्न कर म्हणून सांगतो. ना आरडाओरड, ना शापाशापी. आपल्याही घरांत दुष्टपणापेक्षा सवडीचाच दुष्काळ जास्त असतो, नाही का?

आता व्यवहाराचे दोन शब्द. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली कायदा झाला आहे. मुले सांभाळत नसतील तर निर्वाह खर्चासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. बक्षीसपत्र करताना 'आम्हाला सांभाळावे' ही अट कागदात लिहून घ्यावी. ती मोडली तर न्यायाधिकरणाकडून ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. अट लिहायला सांगण्यात लाज कसली? बांधाची खूण आपण दगड रोवून करतोच ना!

पण कायद्याने खर्च मिळेल, सोबत मिळणार नाही. सकाळचा चहा कुणाला किती गोड लागतो, रात्री खोकला आला की कुणी पाणी द्यायचे, हे त्या दोघांनाच ठाऊक असते. म्हणून वाटणीच्या बैठकीत पंचांनी पहिला प्रश्न त्यांनाच करावा : "तुम्हा दोघांना कुठे राहायचे आहे?" एक खोली, एक चूल आणि दोघांच्या नावावर थोडे शिवार राहिले तरी पुष्कळ. मुलांनी पाळ्या जरूर लावाव्यात. पण त्या धान्याच्या, औषधाच्या आणि दवाखान्यात नेण्याच्या लावाव्यात. आईबापांच्या लावू नयेत.