मातृत्वाच्या हक्काला राज्याची सीमा नको

राजधानी दिल्लीत सरकारांची वाण नाही. केंद्र सरकार येथेच आहे, दिल्ली राज्याचे सरकार येथेच आहे, महानगरपालिकाही आहे. आणि प्रत्येकाची रुग्णालये, प्रसूतिगृहे व नियमावल्या वेगवेगळ्या आहेत. यमुना ओलांडून थोडे पुढे गेले की उत्तर प्रदेश लागतो, दक्षिणेकडे हरियाणा. बांधकामावर विटा वाहणारी, कोठ्यांतून धुणीभांडी करणारी, कारखान्यात कंत्राटदाराच्या हजेरीवर राबणारी स्त्री या सीमा रोज ओलांडते. तिची श्रमशक्ती विकत घेताना कोणी तिच्याजवळ रहिवासाचा दाखला मागत नाही. मात्र तीच स्त्री गरोदर होऊन रुग्णालयाच्या दारात उभी राहिली, की राज्याची सीमा, शिधापत्रिका, आधार आणि अपत्यांची संख्या हे सारे प्रश्न एकदम जागे होतात. भांडवलाला ज्या सीमा नाहीत, त्या मातेला मात्र आहेत. राजधानी क्षेत्रातील गरीब माता व अर्भके यांच्या आरोग्याचा प्रश्न प्रथम येथे पाहिला पाहिजे.

या बाबतीत कायदा अस्पष्ट आहे, असे म्हणण्याची सोय राज्यकर्त्यांना उरलेली नाही. ४ जून २०१० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. एस. मुरलीधर यांनी दोन गरीब स्त्रियांच्या प्रकरणांवर एकत्रित निकाल दिला. त्यांपैकी एकीचे मूल २००८ साली पोटातच दगावले. त्या अवस्थेत तिला एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरविण्यात आले, आणि शिधापत्रिकेचा ग्राह्य पुरावा नाही या सबबीखाली मोफत उपचार नाकारण्यात आले. त्या वेळी ती वाचली. पण जानेवारी २०१० मध्ये पुढच्या बाळंतपणात, घरीच, प्रशिक्षित मदतीवाचून मरण पावली. दुसरी स्त्री बेघर होती. दिल्लीच्या जंगपुरा भागात झाडाखाली, भर रस्त्यावर तिला बाळंत व्हावे लागले. न्यायालयाने मृत स्त्रीच्या कुटुंबाला २ लाख ४० हजार रुपये व बेघर मातेला ५० हजार रुपये भरपाई देवविली. भरपाईपेक्षा महत्त्वाचे होते ते निकालातील तत्त्व. आरोग्य आणि अन्न हे जगण्याचे हक्क आहेत, सरकारी योजना ही या हक्कांची साधने आहेत, आणि एका राज्यात गरीब ठरलेली स्त्री दुसऱ्या राज्यात आली म्हणून तिचा लाभ थांबता कामा नये, असे न्यायालयाने बजाविले.

या निकालानंतर काय घडले? ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्ली सरकारने, उत्तर प्रदेशच्या सीमेलगतच्या गुरू तेगबहादूर रुग्णालयात प्रायोगिक म्हणून ८० टक्के खाटा दिल्लीच्या रहिवाशांसाठी राखून ठेवल्या. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाला हा आदेश रद्द करावा लागला. ५ जून २०२० रोजी गाझियाबाद जिल्ह्यातील खोडा वसाहतीत राहणारी, आठ महिने भरलेली एक गरोदर स्त्री सुमारे १३ तास आठ रुग्णालयांची दारे ठोठावून अखेर रुग्णवाहिकेतच मरण पावली. दिल्लीची वेस तेथून हाकेच्या अंतरावर आहे. त्यानंतर दोनच दिवसांनी, ७ जून रोजी, दिल्ली सरकारने साथीच्या काळापुरती आपली रुग्णालये दिल्लीकरांसाठी राखीव असल्याचे जाहीर केले; नायब राज्यपालांनी दुसऱ्या दिवशी तो निर्णय फिरविला. आदेश रद्द झाले खरे, पण ते काढण्याची वृत्ती रद्द झाली नाही.

दिल्लीच्या रुग्णालयांवर असह्य ताण आहे, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. एका खाटेवर दोन रुग्ण हे दृश्य येथे नवे नाही, आणि त्या गर्दीत दिल्लीतील गरीब स्त्रीचीही परवड होते. पण हा ताण सीमेपलीकडच्या बाळंतिणीने निर्माण केलेला नाही. नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद येथे उद्योग उभे राहिले, मनोरे उभे राहिले. त्या प्रमाणात सार्वजनिक प्रसूतिगृहे उभी राहिली नाहीत. ती जबाबदारी तेथील राज्य सरकारांनी टाळली आणि केंद्राने टाळू दिली. दोन सरकारांतील खर्चाचा हिशेब त्या सरकारांनी आपसात मिटवावा. कळा सुरू झालेल्या स्त्रीच्या अंगावर तो हिशेब टाकणे हा निव्वळ निर्दयपणा आहे.

दारात अडविण्याचा हाच प्रकार पैशाच्या मदतीतही दिसतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. सरकारी नोकरीतील व अन्य कायद्यांखाली असाच लाभ घेणाऱ्या स्त्रिया वगळता प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये मिळतील, असे त्याच्या चौथ्या कलमात लिहिले आहे. कायद्यात शब्द ‘प्रत्येक’ असा आहे. परंतु १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने या ‘प्रत्येक’चे ‘पहिल्या अपत्यापुरते’ केले आणि ६,०००चे ५,००० केले. एप्रिल २०२२ पासून दुसऱ्या खेपेलाही ६,००० रुपये मिळू लागले, पण ते मुलगी झाली तरच! मुलगा झाल्यास त्या मातेच्या अंगातील रक्त भरून निघाले, असे सरकार मानते काय? सर्वोच्च न्यायालयाने तर २० नोव्हेंबर २००७ रोजीच, त्या वेळच्या राष्ट्रीय मातृत्व लाभ योजनेबाबत, स्त्रीचे वय व अपत्यांची संख्या न पाहता मदत द्यावी असा आदेश दिला होता. लोकसंख्येची सबब पुढे करून जन्माला येणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या अर्भकाला उपाशी ठेवणे हे नियोजन नव्हे, शिक्षा आहे. आणि ती शिक्षा गुन्हा नसलेल्याला आहे.

या रकमेचे मोल काय, तेही पाहावे. एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दराने दिल्लीतील अकुशल कामगाराचे किमान वेतन दरमहा १८,४५६ रुपये, म्हणजे २६ कामाच्या दिवसांनी रोजचे सुमारे ७१० रुपये होते. या हिशेबाने ५,००० रुपये म्हणजे सात दिवसांची मजुरी. उलटपक्षी, १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या सुधारणेने संघटित आस्थापनांतील स्त्रीला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आली. ती योग्यच आहे. ती कामगार चळवळीच्या झगड्याचे फळ आहे. पण किमान वेतनावर काम करणाऱ्या स्त्रीला या रजेत सहा महिन्यांचे १ लाख १० हजार रुपये मिळतात, तर त्याच शहरात धुणीभांडी करणाऱ्या तिच्या बहिणीला ५,०००! दोघींच्या बाळांना लागणारे दूध सारखेच आहे. सात दिवसांच्या मजुरीवर कोणती स्त्री सहा महिने कामावाचून बाळाला अंगावर पाजू शकेल? म्हणूनच ती पंधरा-वीस दिवसांत तान्हे मूल थोरल्या मुलीच्या हवाली करून पुन्हा कामावर जाते, आणि मग आरोग्य खाते तिलाच स्तनपानाचे महत्त्व समजावून सांगते.

पैसा नाही, हे उत्तर टिकणारे नाही. तामिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेत रोख रक्कम व पोषण-संच मिळून १८,००० रुपये दोन बाळंतपणांपर्यंत दिले जातात. दिल्लीतही फेब्रुवारी २०२५च्या विधानसभा निवडणुकीत भाजपने गरोदर स्त्रियांना २१,००० रुपयांचे आश्वासन दिले. म्हणजे रक्कम वाढविता येते, हे राज्यकर्ते स्वतःच मान्य करतात. पण निवडणुकीतील आश्वासन ही देणाऱ्याची मर्जी असते. कायद्यातील हक्क मागून घेता येतो.

खर्च कोणी सोसावा, हा वाद मराठी वाचकांना नवा नाही. १९२८ साली मुंबईतील गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप चालू असतानाच मुंबई कायदे कौन्सिलात मातृत्व लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी व नंतर मातेला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि लोककल्याण हे सरकारचे काम असल्याने या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली कायदा झाला, पण बोजा मालकावर राहिला. आणि ज्या स्त्रीला ठरावीक मालकच नाही, ती कायद्याबाहेर राहिली. शंभर वर्षे होत आली तरी हा प्रश्न तेथेच आहे.

या साऱ्या योजना ज्यांच्या हातून मातेपर्यंत पोचतात, त्या अंगणवाडी सेविका व मदतनीस यांची स्थिती निराळी नाही. दिल्लीत ३१ जानेवारी २०२२ पासून त्यांनी ३८ दिवस संप केला. सरकारने सेविकांचे मानधन १२,७२० व मदतनीसांचे ६,८१० रुपये केले. तेही अकुशल कामगाराच्या किमान वेतनाहून कमीच. पाठोपाठ अत्यावश्यक सेवा कायदा लावला गेला आणि आठशेहून अधिक जणींना कामावरून काढण्यात आले. ज्यांचे काम अत्यावश्यक, त्यांचे वेतन मात्र ऐच्छिक ‘मानधन’! २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य करून या ढोंगावर बोट ठेवले. त्यानंतर जुलै २०२५ पासून, गरोदर मातेने घरी न्यावयाच्या शिध्यासाठी मोबाइलवर चेहरा जुळविण्याची सक्ती आली. चेहरा जुळला नाही तर माता रिकाम्या हाताने परतते आणि तिचा रोष सेविकेवर निघतो. दोन कष्टकरी स्त्रियांना समोरासमोर उभे करून यंत्रणा मात्र नामानिराळी राहते.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. राजधानी क्षेत्रातील कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयात प्रसूती व अर्भकाचे उपचार रहिवासाचा पुरावा न मागता मोफत व्हावेत. अन्न सुरक्षा कायद्यातील लाभ अपत्यसंख्येची अट काढून प्रत्येक मातेला मिळावा आणि त्याची रक्कम किमान वेतनाशी जोडावी. अंगणवाडी व आशा कार्यकर्त्यांना कामगार म्हणून मान्यता मिळावी. हे काम एका राज्यातील समितीचे नाही, कारण दिल्ली, हरियाणा व उत्तर प्रदेश येथील मजूर वस्ती एकच आहे. घरकामगार, बांधकाम मजूर आणि अंगणवाडी सेविका यांच्या संघटनांनी तिन्ही राज्यांत मिळून ही मागणी उचलली, तरच २०१०चा निकाल कागदावरून वस्तीत उतरेल. तोवर प्रत्येक नाकारलेल्या बाळंतपणाची नोंद वस्तीवस्तीत ठेवणे, दारात अडविलेल्या स्त्रीबरोबर कार्यकर्त्यांनी रुग्णालयात जाणे आणि तेथे त्या निकालाची आठवण करून देणे, एवढे तरी आजपासून करता येईल.