पत्ता उसना देता येत नाही



गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. नुकतेच इथे आलेत, सहा महिन्यांसाठी फर्निश्ड फ्लॅट घेतलाय आणि घरमालक म्हणतो आनमेल्डुंग मिळणार नाही. लेकाचा कान दुखतोय, ताप आहे. "तुझ्या पत्त्यावर आमची नावं लावू का गं? निदान डॉक्टर तरी मिळेल."

मी नाही म्हटलं. रात्रभर वाईट वाटलं, पण मत तेच आहे.

एक तर डॉक्टरला तो कागद लागतच नाही. किंडरआर्त्स्टच्या काउंटरवर विम्याचं कार्ड वाचतात, दर तिमाहीला एकदा. कार्ड आलं नसेल तर क्रांकनकासेला फोन करून एर्झात्सबेशाइनिगुंग मागा, त्यावर काम होतं. तिचंही झालं. फोनवर पोस्टल कोड विचारतात ते खरं. कायद्याने डॉक्टर निवडायची मुभा आहे, पण प्रॅक्टिस भरलेल्या असतात आणि जवळची मुलं आधी घेतात. मलाही ते आवडत नाही, पण तो पुरावा मागणं नव्हे. कोणीच घेत नसेल तर 116117 ला फोन करा, मुलांचा डॉक्टर शोधायलाही ते मदत करतात. (आणि लेटरबॉक्सवर आडनाव लावा! कार्ड पोस्टाने येतं, नाव नसलं की परत जातं.)

आता उसन्या पत्त्याचं. पुण्यात मामाचं लाइट बिल लावून शाळेत प्रवेश घेतलेले आपल्यात कमी नाहीत. इथे मात्र कोणी राहत नसताना त्याला नोंदणीसाठी आपला पत्ता दिला तर 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो पत्ता देणाऱ्याला. शिवाय सरकारी पत्रं त्याच पत्त्यावर जातात. हेसनमध्ये तर मुलांच्या यू-तपासण्यांचं बोलावणंसुद्धा.

माझा खरा राग घरमालकांवर आहे. 2015 च्या नोव्हेंबरपासून वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग (हुश्श!) देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, ती काही मेहेरबानी नाही. आपल्याला राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते आणि नुसता भाडेकरार त्याला पुरत नाही. घरमालक सही देत नसेल तर तसं ब्युर्गरआम्टला कळवायचं, हेही कायद्यातच लिहिलंय. मी ऑडिटमध्ये व्हाउचर पाहिल्याशिवाय टिक करत नाही. तुम्हीही काउत्सियोन भरायच्या आधी विचारा, आनमेल्डुंग मिळणार का, आणि उत्तर ईमेलवर घ्या. "नाही" आलं तर घर कितीही छान असो, सोडा. बाळ घेऊन पुन्हा घर शोधणं किती जिवावर येतं ते माहीत आहे मला, तरी सांगते.

मैत्रिणीच्या लेकाचा कान बरा आहे. घरमालकाला तिने अजून काही विचारलेलं नाही. म्हणते, कशाला वाकडं घ्यायचं, सहा महिन्यांचाच प्रश्न आहे.